जमैकाची पुळण कोणाची? कॅरिबियन सुट्टीचा इतिहास

१/
कॅरिबियन बेटावरची निवांत सुट्टी आखणारा माणूस प्रामुख्याने चार गोष्टी ठरवतो : कोणत्या महिन्यात जायचे, कशाने जायचे, कुठे उतरायचे आणि कोणत्या किनाऱ्यावर पहुडायचे. माहितीपत्रकांत याची उत्तरे तयार असतात. डिसेंबर ते एप्रिल, विमानाने, राहणे, खाणे, पिणे असा सगळा खर्च एकाच रकमेत धरणाऱ्या हॉटेलात, आणि त्या हॉटेलच्याच राखीव पुळणीवर. ही उत्तरे इतकी सरावाची झाली आहेत की ती निसर्गानेच दिली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांतल्या प्रत्येकामागे कोणाचा तरी हिशेब, एखादा कायदा किंवा एखादा संघर्ष आहे. जमैका या एका बेटाच्या आधारे हा धागा त्याचा मागोवा घेतो.

२/
सुरुवात हॅमॉकपासून करता येईल. दोन माडांना बांधलेली जाळीदार झोळी आणि तिच्यात डोळे मिटून पडलेला पाहुणा हे कॅरिबियन जाहिरातींतले ठरलेले चित्र. हा शब्द आणि ही वस्तू दोन्ही तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे ताईनो लोकांची. ‘हरिकेन’ आणि ‘बार्बेक्यू’ हे शब्दही त्यांच्याच भाषेतून स्पॅनिशमार्गे जगभर गेले. ‘जमैका’ हे नावही ताईनो ‘शायमाका’वरून आलेले. कोलंबस १४९४ साली या बेटावर पोहोचला. त्यानंतरच्या काही पिढ्यांत युरोपातून आलेले रोग, वेठबिगारी आणि हिंसा यांनी ताईनो समाज उद्ध्वस्त केला. त्यांची झोळी मात्र टिकली आणि कालांतराने दुसऱ्यांच्या विश्रांतीचे प्रतीक बनली.

३/
१६५५ साली इंग्रजांनी हे बेट स्पेनकडून हिसकावले आणि तिथे उसाचे मळे वाढवले. अठराव्या शतकात जमैका हे ब्रिटिश साम्राज्यातील सर्वांत किफायतशीर साखर-बेटांपैकी एक होते. ती साखर पिकवली आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. ऊस तोडणे, चरकात घालणे, रस आटवणे ही कामे हंगामात रात्रंदिवस चालत, आणि मृत्यूचे प्रमाण इतके भयंकर होते की मळे चालू ठेवण्यासाठी नव्या माणसांची जहाजे सतत आणावी लागत. मळ्यांचे अनेक मालक स्वतः इंग्लंडमध्येच राहत. बेटावरच्या उत्पन्नावर आराम करायचा, पण तो बेटापासून दूर राहून, अशी त्या काळची रीत होती.

४/
दूर राहण्यामागे भीतीही होती. युरोपीय माणसाला वेस्ट इंडिज म्हणजे मरणाचे दार वाटे. पीतज्वर आणि हिवताप नव्याने आलेल्यांना झपाट्याने नेत. १८०२ साली नेपोलियनने सां-डोमिंग, म्हणजे आजच्या हैतीवर, तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचा बीमोड करण्यासाठी मोठे सैन्य पाठवले. हैतीच्या लढवय्यांनी त्याला झुंजवले आणि पीतज्वराने त्याची चाळण केली. सेनापती लक्लेर्क हा नेपोलियनचा मेहुणा. तोही त्याच वर्षी नोव्हेंबरात पीतज्वराने दगावला. जिथे सैन्येच्या सैन्ये ज्वराने गारद होत, त्या प्रदेशात कोणी मौजेसाठी जाईल ही कल्पनाच त्या काळी विचित्र ठरली असती.

५/
तरीही हवापालटासाठी काही जण येत. १७५१ साली १९ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या क्षयग्रस्त सावत्र भावासोबत, लॉरेन्ससोबत, बार्बाडोसला आला. पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या या माणसाचा हा आयुष्यातला एकमेव परदेश प्रवास. तिथे त्याला देवी आल्या. तो त्यातून वाचला. लॉरेन्सला मात्र हवा मानवली नाही आणि पुढच्याच वर्षी तो वारला. उबदार समुद्री हवेने छाती सुधारते हा समज आणि त्याच हवेत ताप आहे ही भीती, दोन्ही पुढची दीडशे वर्षे शेजारी शेजारी नांदत राहिली. कॅरिबियन पर्यटनाची पहिली गिऱ्हाइके आजारी माणसे होती.

६/
१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने संपली. जमैकात प्रत्यक्ष मुक्ती मिळायला १८३८ उजाडले. ब्रिटिश संसदेने २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती मालकांना. मुक्त झालेल्यांना एक पैही मिळाली नाही. मळ्यांवर मजूर हवे म्हणून १८४५ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. १९१० च्या दशकापर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय जमैकात उतरले, त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. आज हॉटेलांच्या थाळीत ‘खास जमैकन’ म्हणून येणारे बोकडाच्या मटणाचे कालवण याच गिरमिटियांच्या चुलीवरून आले आहे.

७/
साखरेचा भाव पडत गेला आणि मळे ओस पडू लागले. पुढचा अध्याय केळ्याने लिहिला. ‘ग्रो मिशेल’ ही केळीची जात १८३५ साली पूयाट नावाच्या मळेवाल्याने मार्टिनिकहून जमैकात आणली होती. १८७० साली मॅसॅच्युसेट्सचा शिडाच्या जहाजाचा कप्तान लोरेन्झो डाऊ बेकर जमैकात थांबला, तेव्हा त्याने हिरव्या केळ्यांचे १६० घड विकत घेतले आणि ते अमेरिकेत जर्सी सिटीला भरपूर नफ्याने विकले. हा व्यापार फुगत जाऊन १८८५ साली बोस्टन फ्रूट कंपनी झाली आणि १८९९ साली तिच्यासह इतर व्यवसाय एकत्र येऊन युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली.

८/
‘कशाने जायचे’ या प्रश्नाचे पहिले उत्तर याच व्यापारातून आले. केळी घेऊन उत्तरेला गेलेली आगबोट परत येताना जवळजवळ रिकामी असे. रिकाम्या बोटीलाही कोळसा तितकाच लागतो. बेकरने परतीच्या फेरीत बोस्टनच्या कडाक्याच्या थंडीला कंटाळलेले सधन प्रवासी भरले आणि ते उतरतील कुठे म्हणून पोर्ट अँटोनियोत टिचफिल्ड हॉटेल उभारले. उत्तरेला केळी, दक्षिणेला पाहुणे. युनायटेड फ्रूटची जहाजे ऊन परतवण्यासाठी पांढऱ्या रंगाने रंगवलेली असत, मुख्यतः खालच्या खणांतली केळी पिकू नयेत म्हणून. वरच्या मजल्यावरच्या प्रवाशांना लाभलेला गारवा हा केळ्यांच्या काळजीचा जोडलाभ होता.

९/
‘कधी जायचे’ याचे उत्तरही याच काळात पक्के झाले. उत्तरेत हिवाळा असतो तेव्हा बेटावर पाऊस कमी, उकाडा कमी. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, आणि पावसाळी महिने तापाचेही. म्हणून डिसेंबर ते एप्रिल हा ‘हंगाम’ ठरला आणि उरलेले महिने मंदीचे. याचा दुसरा अर्थ पाहुण्याला दिसत नसे. हॉटेलात पाणी भरणारा, खोल्या झाडणारी, घोडागाडी हाकणारा यांना वर्षातले चार-पाच महिनेच काम मिळे. बंदरावर केळ्यांचे घड डोक्यावर वाहणाऱ्या बायकांचे काम जहाजाच्या येण्यावर अवलंबून असे. जहाज रात्री लागले तर रात्रभर.

१०/
सरकारही यात उतरले. गव्हर्नर सर हेन्री ब्लेक यांच्या काळात १८९० साली जमैका हॉटेल कायदा झाला. हॉटेल बांधणाऱ्या कंपन्यांच्या कर्जाला सरकारने हमी दिली आणि बांधकामाचे साहित्य जकात न घेता आणू दिले. २७ जानेवारी १८९१ रोजी किंग्स्टनमध्ये भव्य प्रदर्शन उघडले. उद्‌घाटनाला राजपुत्र जॉर्ज आले होते. हेच पुढे पाचवे जॉर्ज. मे महिन्याच्या आरंभापर्यंत तीन लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. प्रदर्शन आर्थिकदृष्ट्या तोट्यात गेले. हॉटेलांनाही अपेक्षेइतके पाहुणे मिळाले नाहीत आणि हमीचा भार शेवटी वसाहतीच्या तिजोरीवर, म्हणजे तिथल्याच करदात्यांवर पडला.

११/
पाहुण्यांच्या मनातला ताप अजून गेला नव्हता. तो जाण्याची वाट हवानात आणि सिकंदराबादेत सापडली. क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी १८८१ सालीच पीतज्वर डासांमुळे पसरतो असे मांडले होते. कोणी मनावर घेतले नाही. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी आढळले. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन पथकाने हवानात फिन्ले यांचे म्हणणे सिद्ध केले आणि १९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांनी पाण्याची पिंपे झाकून, डबक्यांवर तेल ओतून तिथला पीतज्वर हटवला. घराघरांतले साठवणीचे पाणी झाकले गेले, तेव्हा कुठे बेटावरची संध्याकाळ निर्धास्त झाली.

१२/
आता प्रतिमा बदलायची होती. ब्राऊन्स टाऊन येथे राहणारे डॉ. जेम्स जॉन्स्टन यांनी १९०३ साली ‘जमैका : द न्यू रिव्हिएरा’ हे छायाचित्रांचे पुस्तक काढले. डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीची छायाचित्रे आणि पोस्टकार्डे घराघरांत पोहोचली. माड, केळी, फणसासारखे दिसणारे ब्रेडफ्रूट, आंबा, आणि डोक्यावर टोपली घेतलेली बाजारकरीण, हा त्यांतला ठरलेला संच. गंमत अशी की यांतले एकही झाड मूळ जमैकाचे नाही. माड, केळ आणि ऊस युरोपीयांमार्फत आले. ब्रेडफ्रूट १७९३ साली कॅप्टन ब्लायने ताहितीकडून गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून आणले.

१३/
आंब्याची हकीकत भारतीय वाचकाला विशेष वाटेल. १७८२ साली ब्रिटिश नौदलाने एक फ्रेंच जहाज पकडले. त्यावर हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटावरून सां-डोमिंगकडे निघालेली क्रमांक घातलेली रोपे होती. ती जमैकात लावली गेली, पण नावांच्या चिठ्ठ्यांऐवजी क्रमांकच उरले. म्हणून तिथे आजही आंब्याची एक जात ‘नंबर इलेव्हन’ या नावाने ओळखली जाते. थोडक्यात, जाहिरातीत ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून जो देखावा विकला गेला तो मळ्यांच्या अर्थव्यवस्थेने रचलेला बगीचा होता. बगीचा राखणारी माणसे छायाचित्रात होती. त्यांची नावे नव्हती.

१४/
समुद्रस्नानाची गोडीही नवी होती. मॉन्टेगो बे येथील डॉ. अलेक्झांडर मॅककॅटी यांनी १९०६ साली आपल्या मालकीची पुळण एका स्नानमंडळाला दिली. एका गुहेतून तिथे उतरावे लागे, म्हणून नाव ‘डॉक्टर्स केव्ह’. १९२० च्या दशकात हाडे बसवणारे प्रख्यात ब्रिटिश उपचारक सर हर्बर्ट बार्कर यांनी तिथल्या पाण्याचे गुण गायले आणि श्रीमंतांची रीघ लागली. याच दशकात उन्हाने रापलेली कातडी गोऱ्या समाजात प्रतिष्ठेची ठरली. १९३२ च्या वादळात ती गुहा नष्ट झाली. मंडळ राहिले, आणि सभासदत्वाचे व शुल्काचे कुंपणही राहिले. बहुसंख्य कृष्णवर्णीय रहिवाशांना त्या पाण्यात शिरता येत नसे.

१५/
१९३८ हे वर्ष या इतिहासात नीट पाहण्याजोगे आहे. त्या वर्षी ब्रिटनच्या संसदेने भरपगारी रजेचा कायदा केला आणि सुट्टी ही कामगाराच्याही हक्काची गोष्ट होऊ लागली. त्याच वर्षी जमैकात फ्रोम येथील नव्या साखर कारखान्यावर दिवसाला एक डॉलर मजुरी मागणाऱ्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार जण मेले. मे महिन्यात किंग्स्टनच्या गोदी कामगारांनी काम थांबवले आणि सारे बेट पेटले. अलेक्झांडर बुस्टामांटे आणि नॉर्मन मॅन्ली यांचे नेतृत्व याच उठावातून पुढे आले. १९४४ साली सर्व प्रौढांना मताचा हक्क मिळाला.

१६/
मताचा हक्क मिळाला म्हणून हॉटेलातल्या तलावात उतरता येत नव्हते. किंग्स्टनचे मर्टल बँक हॉटेल हे बेटावरचे सर्वांत नामांकित. १९०७ च्या भूकंपात ते कोसळले आणि पुन्हा उभे राहिले. त्याच्या पोहण्याच्या तलावाला लागू असलेला नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सर्वांना ठाऊक होता : तलाव गोऱ्यांचा. १९४८ साली ‘स्पॉटलाइट’ मासिकाचे कृष्णवर्णीय संपादक एव्हन ब्लेक यांनी भर दिवसा त्यात उडी घेतली आणि बाहेर यायला नकार दिला. कोणालाही बोलवा, मी इथेच आहे, असा त्यांचा पवित्रा होता. अलिखित नियमाला लेखी तक्रार करता येत नाही. त्यात उतरूनच तो मोडावा लागतो.

१७/
त्या काळात बदल वेगाने झाले. १९४७ साली मॉन्टेगो बे येथे विमानतळ सुरू झाला. १९४९ साली एब इसा यांनी ‘टॉवर आइल’ हे हॉटेल उघडले आणि ते बारा महिने चालवून ‘हंगाम’ या कल्पनेलाच धक्का दिला. त्यामुळे निदान काही नोकऱ्या वर्षभराच्या झाल्या. १९५५ साली जमैका टुरिस्ट बोर्ड स्थापन झाले. आणि १९५६ साली एक कायदा झाला, ज्याची माहितीपत्रकांत कधी नोंद नसते : बीच कंट्रोल अ‍ॅक्ट. भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरचे आणि समुद्रतळावरचे हक्क त्याने राजसत्तेकडे घेतले, किनारा वापरण्यासाठी परवान्याची पद्धत आणली, आणि सामान्य लोकांना पुळणीवर जाण्याचा व पोहण्याचा सरसकट हक्क दिला नाही.

१८/
त्याच १९५६ साली हॅरी बेलाफाँटे यांचा ‘कॅलिप्सो’ हा गाण्यांचा संच अमेरिकेत प्रचंड गाजला. बेलाफाँटे यांची आई जमैकाची आणि त्यांचे बालपणही काही वर्षे तिथेच गेलेले. त्यातले सर्वांत लोकप्रिय गाणे, ‘डे-ओ’, हे रात्रभर केळी भरून थकलेल्या बंदर-मजुरांचे गाणे आहे. पहाट झाली, मोजणीदाराने घड मोजावेत आणि घरी जाऊ द्यावे, एवढीच त्यातली विनवणी. बेलाफाँटे यांना त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते सुट्टीचे गाणे वाटले आणि हॉटेलांच्या अंगणात पाहुण्यांच्या स्वागतासाठी तेच वाजू लागले. विश्रांतीची सगळ्यांत तीव्र ओढ त्या गाण्यात आहे. फक्त ती पाहुण्याची नाही.

१९/
६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाले. १९७० च्या दशकात राजकीय हिंसाचार वाढला, १९७६ साली आणीबाणी जाहीर झाली आणि परदेशी पाहुणे घटले. या भीतीवरचा व्यावसायिक तोडगा म्हणजे सर्व खर्च एकाच रकमेत घेणारे हॉटेल. ही कल्पना युरोपात ‘क्लब मेडिटेरानी’ने १९५० पासून रुजवली होती. जमैकात १९७६ साली नेग्रिल येथे ती आली. १९७८ साली टॉवर आइलचे ‘कपल्स’ झाले. १९८१ साली गॉर्डन ‘बुच’ स्ट्युअर्ट यांनी मॉन्टेगो बे येथे पहिले ‘सँडल्स’ उघडले. पाहुण्याला पाकीट खिशातून काढावे लागू नये आणि फाटकाबाहेरही जावे लागू नये, ही त्यातली सोय. फाटकाबाहेरच्या खाणावळीला, फळवालीला, टॅक्सीवाल्याला त्या सोयीची झळ बसली.

२०/
२०१९ साली जमैकात ४० लाखांहून अधिक पाहुणे आले. बेटाची लोकसंख्या सुमारे २८ लाख. हजारो कुटुंबांची चूल याच व्यवसायावर पेटते आणि परकीय चलनाचा मोठा भाग त्यातूनच येतो. त्यामुळे ‘पर्यटन नको’ असे तिथे फारसे कोणी म्हणत नाही. भांडण पुळणीचे आहे. एखादा किनारा विकला जातो, कुंपण पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे होड्या लावणाऱ्या कोळ्यांना व रविवारी पोरे घेऊन अंघोळीला येणाऱ्या गावकऱ्यांना वाट बंद होते. शेजारच्या बार्बाडोसमध्ये पुळणी सार्वजनिक मानल्या जातात. जमैकात हक्क सिद्ध करावा लागतो.

२१/
तो सिद्ध करण्याचे साधनही इतिहासातूनच मिळते. जमैकाच्या १८८२ सालच्या एका वहिवाटीच्या कायद्यानुसार, लोकांनी एखादी पुळण मासेमारीसाठी वा स्नानासाठी वीस वर्षे अखंडपणे वापरली असेल, तर तो वापर हक्क ठरू शकतो. म्हणून अलीकडच्या खटल्यांत वृद्ध माणसांच्या आठवणींना मोल आले आहे : कोणत्या पायवाटेने उतरत असू, होडी कुठे ओढून ठेवत असू, पोहायला कोणी शिकवले. हंगाम, प्रवास, हॉटेल आणि किनारा ठरवताना सुट्टी आखणाऱ्याने एक गोष्ट आणखी विचारावी : या पुळणीवर गावाची पायवाट अजून उघडी आहे का? अशी वाट उघडी असलेल्या पुळणी जमैकात अजून आहेत. गावातली पोरे जिथे पोहतात तिथे पाहुण्यालाही पोहता येते.